सुंदरआक्काची जट

आक्काजवळ राहणाऱ्या लताचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. एका हातात डाव, दुसऱ्या हातात फोन. "मावशी, आक्का उठून न्हाई राह्यली," ती म्हणाली. मी म्हटलं, "कालपासून उपाशी असंल. साखरपाणी पाज तिला." पलीकडून नुसता हुंदका... मग फोन नसीमभाभींनी घेतला. नसीमभाभी म्हणजे आक्काच्या खोलीच्या मालकीण, तिच्याशी रोज भांडणाऱ्या आणि रोज तिच्याकडं चहा पिणाऱ्या. "विमल, जल्दी आ," एवढंच त्या म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, मला आधी रडू आलंच नाही. राग आला. त्याच दिवशी, मंगळवारी, तिला संभाजीनगरच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं. मी रजा टाकली होती, गाडी सांगितली होती, आणि आदल्या संध्याकाळी बाईसाहेबांचा निरोप आला, "उद्या जमत न्हाई, देवीचा वार हाय." मंगळवार देवीचा, शुक्रवार देवीचा, पुनव देवीची... डॉक्टरांचा वार कोणता, असं मी फोनवर ओरडून विचारलं होतं. तिनं फोन ठेवून दिला. मग रजाही रद्द केली आणि गाडीही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ती यल्लमापुढं बसली आणि बसल्या जागी गेली. अंकुशनगरहून जालन्यापर्यंत अख्खा रस्ता मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. तिला उत्तर देता येत नव्हतं, ही पहिलीच वेळ.

सुंदरआक्का माझी सख्खी मोठी बहीण. वाटूरला आमचं घर. आई-बापानं तिला मुलगा म्हणून वाढवलं, नाव ठेवलं सुंदर. पुढं ती साडी नेसायला लागली तरी नाव बदलावं लागलं नाही, तेवढी एकच गोष्ट तिच्या आयुष्यात कुणाला त्रास न देता झाली. बाकी सगळ्याचा त्रास. लहानपणी ती माझ्या परकराला हात लावायची आणि मार मी खायचे, कारण परकर चुरगाळलेला सापडायचा माझ्या पेटीत. आमचा थोरला भाऊ भगवान तिला शेतात न्यायचा, ती बांधावर बसून गाणी म्हणायची. बाप दमून गेला तिला मारून. आणि मग एका उन्हाळ्यात, मिसरूड फुटायच्या वयात, तिच्या डोक्यात जट निघाली. चांगली अंगठ्याएवढी जाड, मानेवर लोंबणारी. आमच्याकडं जट निघाली की देवीनं माणूस मागितलं असं धरतात. बापानं कात्री आणली, आईनं हात धरला. "कापू नका, यल्लमाचं बोलावणं हाय, घर बुडंल!" गावातली जाणती बाई आली, तिनंही तेच सांगितलं. बाप कात्री टाकून बाहेर निघून गेला. पुढच्या पुनवेला आक्काच्या गळ्यात कवड्यांची माळ पडली, अंगावर हिरवी साडी आली. पोरगा देवीला दिला, असं गाव म्हणालं. मी बघत होते... साडीचा पदर डोक्यावर घेतल्यावर तिचा चेहरा असा सैल झाला, जसं कुणी डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा.

मी पुढं अंगणवाडी सेविका झाले. तेल न लावता, न विंचरता केस ठेवले की जट होते, ती सोडवता येते, कापता येते, हे मी बायकांना घरोघर जाऊन सांगायचे. आणि माझी सख्खी बहीण जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांमागच्या गल्लीत, भलीमोठी जट मिरवत देवी मांडून बसलेली. बायका मला तोंडावर म्हणायच्या, "बाई, आधी तुमच्या आक्काची कापा." एकदा मी इतकी वैतागले की सरळ खोलीवर गेले आणि म्हटलं, "हे बघ, तुला साडी नेसायची तर नेस, देवी पूज, पण ही जट काढ. तुझ्यामुळं माझं कुणी ऐकंना." आक्का तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सरकवून तिनं दार लोटलं आणि माझ्याजवळ सरकली.

"विमे, जट निघाली न्हाई. मी केली."

"म्हणजे?"

"वडाचा चीक. मळ्याच्या कडंला वड व्हता ना, त्याचा चीक आणून रोज दुपारी केसाला लावायची अन् पिळायची. महिनाभर लागला. मुंग्या लागल्या, इतकं खाजवलं की रक्त आलं, पर सोडलं न्हाई."

मी म्हटलं, "अन् देवीचं बोलावणं?"

"कुठलं बोलावणं? मला कुणीच बोलावलं न्हाई. पाटलाच्या मळ्याच्या वाटेनं देवीचे जोगते जाताना पाह्यले व्हते. मिशा काढलेले, साडी नेसलेले, अन् लोक त्यांच्या पाया पडून राह्यलेले. मला वाटलं, एवढं एकच दार उघडं हाय. मंग मीच देवीच्या अंगावर जाऊन पडले." तिनं तांदळाचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. "पर तिनं हाकललं न्हाई, विमे. तिला सगळं माहीत असून तिनं हाकललं न्हाई. जिनं हाकललं न्हाई, तिचा वार मी मोडू का?"

मी चिडलेच होते, अजून चिडले. म्हटलं, हे तू लोकांना सांग, माझं काम सोपं होईल. तर म्हणते, "मी हाय तोवर न्हाई. मी गेल्यावर सांग. तवा मी अन् देवी समोरासमोर बघून घिऊ." म्हणून सांगते आहे. लोक काय म्हणतील ते मलाच निस्तरावं लागणार, तिचं काय जातं?

आणि भक्ती करावी तर नीट गुपचूप करावी ना... तसंही नाही. देवीशी तिचं नातं सासू-सुनेसारखं. "बघ, तुझ्यापायी मला पायऱ्या चढवंनात," असं देवीला सुनवायची, नि मी "चढू नको मग" म्हटलं की माझ्यावर उलटायची. अनवाणी जोगवा मागत हिंडायची. साखरेचा आजार, पायाला जखम, डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मऊ तळव्याच्या चपला घेऊन दिल्या. पुढच्या खेपेला त्या कुण्या भलत्याच बाईच्या पायात! "तिला लांब जायाचं व्हतं," हे उत्तर. दर मंगळवारी तिच्या खोलीत नुसती जत्रा भरायची. लेकरू होत नाही म्हणून आलेल्या सुना, सासरी छळ होतो म्हणून आलेल्या बायका, आणि त्यांच्यामध्ये बसलेली वेगळीच माणसं. अंबडकडच्या दोन बायका यायच्या, दोघी एका घरात राहतात, एकच ओटी दोघी मिळून भरायच्या. आक्का त्यांना "जोडीनं नमस्कार करा" म्हणायची, नवरा-बायकोला सांगतात तसं. जमलेल्या सुना एकमेकींकडं बघायच्या. "काय बघता? देवी बघायला आल्या का यांना?" असं आक्का खेकसली की सगळ्या खाली माना. कुणी येऊन रडायला लागलं, घरच्यांना कसं सांगू म्हणून, तर हिचा मायेचा हात वगैरे काही नाही. "रडून झालं का? मंग चहा ढवळ, उतू चालला." लताही अशीच आली. घरी मुलगा म्हणून वाढवलेली, आता कापडाच्या दुकानात साड्या दाखवते, आणि दुकानात सगळ्यांत जास्त साड्या तीच विकते. आली ती राहिलीच. आक्का दिवसभर तिच्यावर ओरडायची आणि जेवताना भाकरीचा पापुद्रा काढून तिच्या ताटात टाकायची.

एकदा पुण्याहून कुणी शिकलेली मुलगी आली, बोलणं टिपून घ्यायला. तिनं अदबीनं विचारलं, "तुम्ही स्वतःची ओळख काय सांगाल?" आक्का म्हणाली, "वाटूरची." मुलगी म्हणाली, "तसं नाही, म्हणजे... तुम्ही स्वतःला काय मानता?" आक्का माझ्याकडं वळून म्हणाली, "हिला भूक लागली वाटतं, पोहे टाक." मी पोहे टाकले. तिच्या घरी जाऊन मी नेहमी पोहेच टाकले.

आई आजारी पडली तेव्हाचं मात्र सांगितलंच पाहिजे. आई वाटूरला भगवानकडं अंथरुणाला खिळली होती. भगवाननं निरोप धाडला, "यायचं तर पँट-शर्ट घालून ये. सोयरे येऊन राह्यले." मी आक्काला विनवलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे, घाल की. मंगळवारी दुपारी ती वाटूरच्या चौकात एसटीतून उतरली ती जग डोक्यावर घेऊन. जग म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली, साडीचोळी नेसवलेली टोपली. ती डोक्यावर असली की जोगतीण म्हणजे देवीच. तुणतुणं वाजवत लता मागं, आणि "यल्लमाचा उदो!" म्हणत आक्का भर रस्त्यानं घराकडं. ज्या पानटपरीवरून तिला लहानपणी शिट्ट्या मारायचे, तिथली माणसं उठून हात जोडत होती. भगवान दारात आडवा उभा. पण दाराशी आलेली देवी माघारी धाडायची कुणाची छाती? वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, जगाला हळद-कुंकू लावलं, आणि भगवान बाजूला सरला. दात खात सरला, पण सरला. मी कपाळावर हात मारून घेतला. साधं भेटायला यायचं तर हिला अख्खं गाव गोळा करावं लागतं!

जग देवळीत ठेवून आक्का आईच्या उशाशी बसली. आईला दिसत कमी होतं. तिनं साडीचा काठ चाचपला, हातातल्या बांगड्या चाचपल्या. इतकी वर्षं ती "आला का", "जेवला का" असंच म्हणायची, देवीला दिल्यावरसुद्धा. त्या दिवशी म्हणाली, "आली का गं, सुंदर?"

"आले. डोक्याला तेल का लावलं न्हाई कुणी तुह्या?" आक्का म्हणाली, आणि वहिनीवर डाफरत खोबरेल आणायला उठली. तोंड वळवलं होतं तिनं, पण मी समोरच होते... मला दिसलं.

जालन्याला मी पोचले तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंनी दुचाक्या अडकलेल्या, मधे रिक्षा, आणि दारात भांडण. भगवान माझ्याआधी आला होता. हातात पिशवी, पिशवीत नवं धोतर नि सदरा. "भाऊ व्हता आमचा. जगताना झालं ते झालं, आता माणसासारखा नेऊ द्या," असं तो म्हणत होता. लता दाराला पाठ लावून उभी. तिच्या बाजूला जिल्ह्यातून आलेल्या जोगतिणी, हिरवी साडी, हिरवा चुडा घेऊन. "हात लावून दाखवा," लता रडत ओरडत होती. नसीमभाभी माडीच्या जिन्यावरून म्हणाल्या, "पूरी जिंदगी उनो साडी में रही, अब मरे बाद पतलून-धोतर कायको जी? जिसको शौक है वो पैने." भगवान म्हणाला, "तुम्ही यात पडू नका भाभी, हे आमच्या घरचं हाय." आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर हेच. आक्कानं घोळ घालायचा आणि विमलनं निस्तरायचा. गुडघे दुखत होते, पोटात सकाळपासून काही नव्हतं, आत माझी बहीण थंड पडली होती आणि बाहेर हे कपड्यांवरून भांडत होते. माझा आवाज असा चढला की रिक्षावाल्यानं रिक्षा बंद केली.

"भगवान, आई शेवटी तिला काय म्हणली? तू दारात उभा व्हता. सांग सगळ्यांना, आई काय म्हणली."

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आला का म्हणली, का आली का म्हणली?"

पिशवीचे बंद तो बोटाला गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "आली का म्हणली." आणि जाऊन समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसला. आत आला नाही. आम्ही तिला न्हाऊ घातलं, साडी नेसवली, चुडा भरला. पांढऱ्या पडलेल्या जटेला मी स्वतः हळद लावली. अंगणवाडीच्या बायकांनी बघितलं असतं तर...

तिरडी उचलताना भगवान पायरीवरून उठला आणि न बोलता पुढचा खांदा दिला. वाटेत मात्र बोलतच होता. कुणी घाई केली म्हणून, कुणी बाजू वाकडी धरली म्हणून. मडकं कुणी धरायचं यावर पुन्हा वाद होणार असं वाटत असताना ते लताच्या खांद्यावर गेलं. भगवान तिच्यामागं चालत होता, कुरकुरत. "नीट धर. दोन्ही हातानं धर, पोरी. पडंल." पोरी म्हणाला तो. आपण काय म्हणालो ते त्याच्या ध्यानातही आलं नसावं, आणि मीही आणून दिलं नाही.

आता जग लताकडं आहे. गेल्या शुक्रवारी मी खोली आवरायला गेले. लता दुकानातून यायची होती. मी देवीपुढं दिवा लावला आणि डबे पुसत बसले. तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा असेल, उसाच्या गाडीवरचा ड्रायव्हर असावा, कपड्यांना चिपाडाचा भुसा. हातातल्या पिशवीतून नारळ आणि खण दिसत होता. कागदात गुंडाळलेलं आणखी काहीतरी त्यानं छातीशी घट्ट धरलं होतं, बांगड्यांसारखं गोल. "आक्का हायत का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. गेली ती," मी म्हटलं.

त्याला कळलं, पण तो हलला नाही. गल्लीकडं बघितलं, खोलीकडं बघितलं. पुढं येववत नव्हतं आणि मागं जाववत नव्हतं. एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी, कसाबसा इथवर आलेला दिसत होता. मला इतका वैताग आला... तिचा, त्याचा, सगळ्याचाच.

"उभे काय राह्यले?" मी म्हटलं. "चपला काढा अन् आत या. चहा ठेवते. मला सारखं उठवत न्हाई, ढवळायचा मात्र तुम्ही."