जुन्या औषधांची पाठवणी

कुणाविषयी चार ओळी लिहाव्यात एवढी माझी पात्रता नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. मी लिहिलेला कागद बाबा हातात घेतात, अक्षर बघतात, 'छान आहे' म्हणतात आणि जपून ठेवतात, त्यामुळे चूक दाखवणारं घरात कुणी नाही. तरीही हे धाडस करतो आहे. फरीदाबादमध्ये कालव्यापलीकडे नवे टॉवर उभे राहिलेत, त्या भागाला सगळे नहरपार म्हणतात. या नहरपारमध्ये जो कुणी घोटभर पाणी पितो, तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा ऋणी आहे, आणि हे पिणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नाही. थोडी अतिशयोक्ती झाली असेल. काकांविषयी बोलताना ती होतेच.

काका आयुष्यभर औषध कंपनीचे एम. आर. होते. डॉक्टरांच्या दाराबाहेर बॅग घेऊन बसायचं आणि आत बोलावलं की 'दोन मिनिटं, सर' म्हणत आपल्या गोळ्या त्यांच्या गळी उतरवायच्या, हे त्यांचं काम. ते दिल्लीकडे आले तेव्हा इथे मोहरीची शेतं होती. मग बाजार खुला झाला, नव्या कंपन्या आल्या, शेतांवर टॉवर आले, आणि प्रत्येक टॉवरखाली एक केमिस्ट आला. त्यातल्या बहुतेकांचं पहिलं खोकल्याचं औषध काकांनीच खपवलेलं. निवृत्त झाल्यावरही बॅग सुटली नाही. टायसुद्धा सुटला नाही. मे महिन्यात लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटला की माणसं घराबाहेर डोकं काढत नाहीत, तेव्हाही काका टाय बांधून जिना चढताना दिसायचे. बदलली ती फक्त दिशा. पूर्वी गोळ्या द्यायला जायचे, आता परत मागायला.

कारण एकच. लोक जुन्या गोळ्या संडासात टाकून पाणी सोडतात. आमच्या सोसायटीचं सांडपाणी एका प्लँटमध्ये साफ होतं आणि उरलेलं जमिनीत मुरवलं जातं. त्याच जमिनीतून आमची बोअरवेल पाणी ओढते. "प्लँटला घाण कळते रे, गोळी कळत नाही," काका म्हणायचे. "तळमजल्यावरच्या कर्नलसाहेबांची बीपीची गोळी फिरून तुझ्या चहात येते. तरीच तू बोलताना इतका नरम असतोस!" मी रसायनशास्त्र शिकतो म्हणून त्यांनी मला 'शास्त्रज्ञ' अशी पदवी परस्पर देऊन टाकली होती. मी भीत भीत म्हणालो, "काका, पण प्रमाण फार म्हणजे फारच थोडं असतं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तूही थोडं थोडं शिकूनच पास होणार आहेस ना? जंतूंना रोज चिमूटभर अँटिबायोटिक पाज, बघ कसे पैलवान होतात ते."

प्लास्टिकशी तर त्यांचं उघड वैर होतं. उन्हात तापलेल्या बाटलीतलं पाणी ते शत्रूलाही देत नसत. कुठेही जाताना सोबत फिरकीचा तांब्या. दिल्लीतल्या द्वारकेला जाताना मेट्रोच्या तपासणीत तो मशीनमधून गेला आणि जवान म्हणाला, "अंकल जी, ये क्या आइटम है?" काकांनी फिरकी काढून तिथेच दोन घोट घेतले आणि तिसरा त्याच्यापुढे केला. मागची रांग ओरडायला लागली. घरी वॉशिंग मशीनच्या पाइपला त्यांनी जुना सुती मोजा बांधला होता. त्यात अडकलेला करडा पुंजका वाळवून काचेच्या बरणीत ठेवला होता आणि पाहुणा आला की चहाआधी ती बरणी पुढे यायची. "ही माझी टेरिकॉटची पँट. थोडी कपाटात आहे, थोडी इथे. मधली बोअरवेलच्या पाण्यात गेली."

घरोघरी हिंडून गुडघे दुखायला लागले तेव्हा काकांनी लिफ्टमध्ये सूचना लावली. काकांचं हिंदी मराठीतून चालत येतं आणि वाटेत एखादा शब्द सांडतं. 'कोणतीही गोळी'मधली गोळी राहून गेली, आणि सूचना झाली ती अशी: 'आपके घर में कोई एक्सपायर हुआ हो तो तुरंत बताइए। हम खुद आकर ले जाएँगे।' खाली नाव आणि टायसकट फोटो. संध्याकाळपर्यंत टॉवरभर हाहाकार. सहाव्या मजल्यावरच्या बाई तावातावाने खाली आल्या. त्यांच्या सासूबाई बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या. "शरम नहीं आती? माताजी अभी ज़िंदा हैं हमारी!" काका गोंधळून म्हणाले, "बहनजी, ज़िंदा का हम नहीं लेते." त्यांना म्हणायचं होतं की मुदत न संपलेली औषधं नकोत. पण ते समजावून सांगेपर्यंत बाई अर्धा जिना चढून गेल्या होत्या.

गंमत म्हणजे या सूचनेमुळे काका सगळ्यांना माहीत झाले आणि दारात पिशव्यांची रीघ लागली. खरी पंचाईत तिथून सुरू झाली. गोळ्या जमल्या, पण जाणार कुठे? कचरेवाला म्हणाला, औषधं आम्ही घेत नाही. दवाखान्यांचा कचरा जाळणारे म्हणाले, घरचं आम्ही घेत नाही. काकांच्या आतल्या खोलीतलं कपाट भरलं, मग दिवाण भरला. तेवढ्यात पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने इथला फ्लॅट विकायला काढला. दिवाळीपर्यंत काकांनी पुण्याला जायचं ठरलं. घर बघायला आलेल्या माणसाने कपाट उघडलं आणि त्याच्या पायांवर गोळ्यांच्या पट्ट्यांचा धबधबा कोसळला. तो आल्या पावली गेला. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, फेकून द्या ना सगळं! लोकांचा कचरा आहे तो." सोसायटीच्या सेक्रेटरींनीही बजावलं, "अंकल जी, गोदाम खाली करो, नहीं तो हम करवा देंगे." कुठे रिकामं करवतील, ते सगळ्यांना कळत होतं: मागच्या नाल्यात. त्या दिवशी काकांचा टाय मी पहिल्यांदा सैल झालेला पाहिला. "एवढ्या लोकांनी विश्वासाने दिलं रे," ते म्हणाले, "आणि एकदम पाण्यात गेलं तर मीच सगळ्यांना पाजलं असं होईल."

दुसऱ्या दिवशी काकांनी टाय आवळला, बॅग भरली आणि शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात जाऊन प्रमुख डॉक्टरांच्या दाराबाहेर बसले. डॉक्टरांना वेळ नव्हता. काका पुन्हा गेले, पुन्हा बसले. वाट बघणं हे तर त्यांचं करिअर. शेवटी आत बोलावणं आलं तेव्हा मीही सोबत होतो. डॉक्टरांनी त्यांना ओळखलं. "अरे, आप अभी रिटायर नहीं हुए? अब क्या बेचने आए हैं?" काकांनी बॅग टेबलावर उघडली. "बेचने नहीं, सर. इस बार वापस करने आया हूँ. दो मिनट." दोन मिनिटांचा तास झाला. इस्पितळाची मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशव्यांतून भट्टीत जाळायला जातात. त्यातच आमचीही घ्यायला डॉक्टर राजी झाले. अट एकच: सोसायटीने पेटी बसवावी आणि तसा ठराव करून द्यावा.

सभेत सेक्रेटरी म्हणाले, "घर-घर में आरओ लगा है, फिर काहे का डर?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बोल, शास्त्रज्ञ." मी उभा राहून एवढंच म्हणालो, "जी, आरओ जो अलग करता है, वो भी नाली में ही जाता है. और नाली का पानी अपने ही बोरवेल के पास उतरता है." कर्नलसाहेब म्हणाले, "यानी घूम-फिरकर हम ही पी रहे हैं?" मी मान हलवली. त्यांनी हात वर केला. त्यांच्यामागे सहाव्या मजल्यावरच्या बाईंचा हात वर गेला, आणि मग हातच हात.

पिवळ्या पिशव्या न्यायला गाडी आली ती सकाळ आमच्या टॉवरने सणासारखी साजरी केली. बाल्कन्या भरल्या, कुणी लाडू वाटले, वॉचमनने शिट्टी फुंकली. गाडी हलली तसे बाबा उत्साहाने ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!" काका गर्रकन वळले. "लवकर कशाला? येऊच नका म्हणा त्यांना!" आणि मग स्वतःच इतके हसले की डोळे पुसावे लागले.

दिवाळीआधी काका पुण्याला गेले. आता जिन्यात त्यांची पावलं वाजत नाहीत. दर रविवारी फोन येतो आणि पहिला प्रश्न पेटीचा असतो. गेल्या रविवारी मी जरा चाचरतच सांगितलं की पेटी अर्धीसुद्धा भरली नाही. काकांनी विचारलं, "विसरले का रे लोक?"

"नाही काका. लोक आता लागतील तेवढ्याच गोळ्या कापून घेतात. उरतच नाही काही. केमिस्ट कुरकुर करतोय."

काकांनी फोन बाजूला धरून सुनेला हाक मारली, आणि आयुष्यभर गोळ्या विकलेल्या त्या माणसाचा आनंदाने कापणारा आवाज मला इथे नहरपारला ऐकू आला: "अगं, ऐकलंस का? माझा धंदा बुडाला!"