माझ्या गिटारच्या बटनावर गुलाब सरांचा हात

गुलाब सर काल गेले आणि माझा त्यांच्यावरचा राग आहे तिथंच आहे.

सकाळपासून सगळ्यांचे स्टेटस बघून राहिले. "मुलींना स्टेजवर आणणारा माणूस." "कलाकार घडवणारे सर."
घडवलं, हाव. पण अर्धंच लिहायलात तुम्ही. उरलेलं मी लिहिते. ज्याला झोंबेल त्यानं खुशाल अनफ्रेंड करावं.

मी कंधारची. बारावीनंतर नांदेडला आले आणि सरांचा क्लास लावला. स्टेशनच्या मागं पत्र्याची खोली, गिटारचा आवाज ज्यातून येतो तो एक जुना ॲम्प आणि सर.

पहिले तीन महिने सरांनी एक गाणं शिकवलं नाही. फक्त इलेक्ट्रिक गिटारवरची दोन बटनं. एक व्हॉल्यूमचं, एक टोनचं.
उजवा हात तारांवर आणि त्याच हाताची करंगळी बटनावर. वाजवता वाजवता फिरवायचं, हात थांबला की टपली बसायची. गायक गायला लागला की व्हॉल्यूम पाचवर आणायचा, टोन खाली घ्यायचा, म्हणजे गिटारची धार जाते आणि गळा वर राहतो. गायक थांबला की दोन्ही उघडायची.

"ॲम्पला हात लावायचा न्हाई," सर म्हणायचे. "सगळं करंगळीत हाय."

खरं सांगते, असं शिकवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. आज लातूरला मी पोरापोरींना हेच शिकवते. राग त्यामुळंच जास्त येतो. कोणी येरागबाळा असता तर कधीच विसरून गेले असते.

मग सरांनी ऑर्केस्ट्रात घेतलं. जयंतीच्या सीझनला गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम. बॅनरवर माझा फोटो सगळ्यात मोठा, गायकापेक्षा मोठा. खाली "लेडीज गिटारिस्ट". त्या दोन शब्दांवर कार्यक्रम मिळायचे.

आणि स्टेजवर?

कार्यक्रमाआधी टेस्टिंगला सर माझं व्हॉल्यूमचं बटन फुल, म्हणजे दहावर, ठेवायला लावायचे. साऊंडवाला त्या हिशेबानं त्याच्याकडून माझा आवाज कमी करायचा. मग कार्यक्रम सुरू झाला की सर म्हणणार, आता पाचवर ये. पाचच्या आकड्यावर त्यांनी माझ्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. त्याच्या पुढं जायचं नाही.

गेलेच पुढं, तर सर शेजारी येऊन, पब्लिककडं बघून हसत, माझं बटन स्वतःच्या हातानं खाली करायचे. लोकांना वाटायचं गुरू शिष्याचं कौतुक करायलाय.

मी दिसायला पाहिजे होते. ऐकू यायला नको होते.

एकदा धीर करून विचारलं. सर सरळ बोलले, तेवढी दाद देते.
"टाळ्या तुला पडायल्यात. ऑर्केस्ट्रा माझा हाय."

इकडं कंधारला आमच्या गल्लीत लोक बोलायला लागले की पोरगी नुसती गिटार हातात धरून उभी राहती, वाजवत न्हाई. पप्पांच्या तोंडावर बोलले. पप्पा गवंडीकाम करतात, बोलणं कमी. त्यांनी एक दिवस हळूच विचारलं, तू खरंच वाजवतीस ना बाई?
लई लागलं मला ते.

म्हणून बिलोलीच्या कार्यक्रमाला पप्पांना हट्टानं बोलावलं. तिसऱ्या रांगेत बसवलं.
टेस्टिंगच्या वेळी सर चहाला गेले होते. मी बटन पाचवर ठेवूनच वाजवलं. साऊंडवाला म्हणाला ताई आवाज येईना, आणि त्यानं त्याच्याकडून वाढवला. बटन पाचवरच आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या गाण्याला माझा पीस, म्हणजे मधला नुसता गिटारचा तुकडा, आला. करंगळीनं बटन पाचवरून दहावर नेलं. असला आवाज निघाला की ढोलकीवाल्यानं मान वळवून बघितलं. पप्पा खुर्चीत पुढं सरकले.

चार सेकंद. तेवढेच.

सर आले, हसत, आणि बटन शून्यावर नेलं.
शून्यावर.
माझी बोटं चालू आणि आवाज नाही. पप्पांच्या डोळ्यांदेखत मी नुसतीच गिटार धरून उभी.

डोक्यात तिडीक गेली माझ्या. समोर कोरसचा माईक चालू आहे हे ध्यानातच राहिलं नाही.

"सर, हात काढा. वाजवणारी मी हाय."

आख्ख्या बिलोलीनं ऐकलं.

सरांचा हात निघाला. मी बटन पुन्हा दहावर नेलं, टोन पूर्ण उघडला आणि पीस पहिल्यापासून वाजवला. गायक बिचारा तोंड उघडून थांबून राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला काढलं. ग्रुपवर लिहिलं, पोरगी माजली, हिला शिस्त नाही. आज रडके इमोजी टाकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा त्या मेसेजला अंगठा दिला होता. विसरले नाही मी कोणालाच.
त्यानंतर नांदेडात मला कोणी उभं केलं नाही. म्हणून लातूर. हौस म्हणून नाही आले मी इथं.

सात वर्षं सरांनी फोन केला नाही. मीही नाही. आजारी आहेत कळलं तेव्हा नंबर काढून बसले होते, लावला नाही.
वाईट वाटतंय का? वाटतंय.
राग गेला का? न्हाई.

मघाशी पप्पांचा फोन आला. जाऊन ये म्हणाले, कसाही असला तरी गुरू होता. माझा तोल गेला. मी म्हटलं, त्या माणसानं तुमच्यासमोर माझा आवाज बंद केला, पप्पा.

पप्पा म्हणाले, "बंद कुठं झाला बाई. मी ऐकला की."

नांदेडची बस धरली आहे.

सर, फूल वाहीन. माफ केलेलं नाही.
माझ्याकडून श्रद्धांजली एवढीच.