भोंग्याचा आवाज

आमच्या भावोजींना सगळा बाजार भोंगा म्हणायचा. हे नाव बाजाराने ठेवलेलं नव्हतं, त्यांच्या आईनेच ठेवलं होतं. तान्हेपणी हे रडायला लागले की पलीकडच्या गल्लीतली माणसं दार ठोठावायला यायची म्हणे. पुढे त्याच गळ्यावर त्यांचं पोट चाललं. जुन्या सामानाचा लिलाव पुकारणं हा त्यांचा वडिलांपासूनचा धंदा. बंद पडलेली हॉटेलं, दिवाळं निघालेली ऑफिसं, वारलेल्या माणसांची घरं, तिथलं सगळं किडूकमिडूक आमच्या गोदामात यायचं आणि भावोजी स्टुलावर उभे राहून ते पुकारायचे. मी ताईचा धाकटा भाऊ. बोली कोणाची हे बघायचं आणि विकल्या मालावर खडूने खूण करायची, एवढंच माझं काम.

माणूस आजारी पडला की लोक त्याला संत करून टाकतात. मी तसं करणार नाही. भावोजी आतून दगड होते. एकदा एक बाई शिवणयंत्र घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी रडत परत आली, आतले भागच कोणीतरी काढून घेतले होते. भावोजी म्हणाले, "बाई, तीन वेळा विचारलं होतं. तेव्हा तोंड उघडायचं." एक वार, दोन वार, तीन वार, हातोडा पडला की ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरत नाही, हा त्यांचा कायदा. विकलं ते विकलं, आणि घेतलं ते आपलं. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावरही त्यांचा तेवढाच विश्वास होता, बिचाऱ्यांचा.

मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. भावोजींनी ऑपरेशन कधी, खर्च किती, काही विचारलं नाही. ताईकडे बघून म्हणाले, "आईला कळता कामा नये." त्यांचे वडील याच दुखण्याने गेले होते आणि आईने ते सगळं उशाशी बसून पाहिलं होतं. आता ती डोळ्यांनी पूर्ण अधू, दुसऱ्या गावात वृद्धाश्रमात. रोज संध्याकाळी गोदाम बंद करण्याआधी भावोजी तिला फोन लावायचे. तिच्या लेखी मुलगा म्हणजे तो आवाजच होता.

दवाखान्यातल्या एका मुलीने अ‍ॅप दाखवलं. आवाज जाण्याआधी माणसाने शेकडो वाक्यं वाचून नोंदवायची, की अ‍ॅप तो आवाज शिकतं. मग तुम्ही टाइप करायचं आणि ते तुमच्याच आवाजात बोलायचं. कोणा दोन बहिणींनी मिळून ते बनवलं होतं. पुरती किंमत मोजून भावोजींनी ते घेतलं आणि डोक्यावरून रजई ओढून, आत दिवा लावून, घामाघूम होत वाक्यं वाचून काढली. ताई बाहेर बसून रडायची. आतून हे ओरडायचे, "हळू रड, नोंदवलं जातंय."

आणि ते जमलं. अगदी तोच घोगरा, उर्मट, वाक्याच्या शेवटी वर चढणारा आवाज. लिलावात स्पीकरला फोन जोडून भावोजी पुकारायला लागले. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं हसली, नंतर पुन्हा भांडायला लागली. आईशी बोलताना टाइप करायला वेळ लागायचा, म्हणून त्यांनी एक वाक्य तयारच ठेवलं होतं. बटण दाबलं की आवाज म्हणायचा, "थांब गं, गिऱ्हाईक आलंय." आई खूश. म्हणायची, "धंदा जोरात दिसतोय रे भोंग्या." भेटायला मात्र गेले नाहीत. आंधळी माणसं हाताने बघतात, आणि यांच्या गळ्याला भोक होतं. दोन वर्षं तिला सांगितलं, कामातून सवड नाही.

मग फोनने विचारलं, नवीन प्रणाली बसवायची का? भावोजींनी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी शेजारीच चहा पीत होतो. जन्मभर तिसऱ्या हाकेला सौदा पक्का करणारा तो माणूस, अंगठा आपसूक पडला. तेवढ्याचसाठी मी त्यांना कधी माफ केलं नाही, आणि तेवढ्याचसाठी मला त्यांची कीवही आली. फोन झोपला, उठला, आणि अ‍ॅपच्या जागी एक राखाडी चौकोन. दाबला तर अक्षरं आली: हे अ‍ॅप या फोनवर चालत नाही, निर्मात्याशी संपर्क साधा.

संपर्क साधला. धाकट्या बहिणीने लगेच उत्तर दिलं. फोनच्या कंपनीचं जे अ‍ॅपचं दुकान आहे, त्याला प्रत्येक विक्रीतला मोठा वाटा द्यावा लागतो. या दोघींनी अ‍ॅपमध्ये एक ओळ लिहिली होती, की आमच्याकडून थेट घेतलंत तर स्वस्त पडेल. त्या एका ओळीपायी दुकानाने त्यांना हाकलून दिलं. आता ना त्या अ‍ॅप सुधारू शकत होत्या, ना कोणी ते पुन्हा उतरवून घेऊ शकत होतं. दुसऱ्या बनावटीच्या फोनसाठी बनवायला घेतलंय, वर्ष लागेल. तुमचा आवाज आमच्याकडे सुखरूप आहे, असंही तिने लिहिलं होतं. कुलपात ठेवलेला आणि किल्ली परक्याच्या खिशात. दुसरीकडून घेऊन बसवू म्हटलं, तर त्या फोनला दुकानाशिवाय दुसरं दारच नव्हतं. फोन विकत घेतलेला भावोजींनी, आणि राज्य कंपनीचं.

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक मुलगा मधाळ आवाजात म्हणाला, "खातेदारांनी स्वतः बोलावं, सर."

"त्यांना बोलता येत नाही. म्हणूनच फोन केलाय."

"मी समजू शकतो, सर. पण तक्रारीसाठी खातेदारांचा होकार त्यांच्या आवाजात नोंदवावा लागतो."

"त्यांचा आवाज तुमच्याच दुकानाने काढून घेतलाय."

"मी समजू शकतो, सर. ते शेजारी आहेत का? नुसतं हो म्हटलं तरी चालेल."

मी फोन भावोजींच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी जीव खाऊन जोर लावला. गळ्याच्या भोकातून फस्स करून वारा आला. मुलगा म्हणाला, "माफ करा, आवाज स्पष्ट आला नाही." एक वार. पुन्हा फस्स. "माफ करा, आवाज स्पष्ट आला नाही." मी तिसऱ्यांदा विचारू दिलं नाही. त्या पोराला मी ज्या शिव्या दिल्या, त्या माझ्या आईने ऐकल्या असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं. तो म्हणाला, मी समजू शकतो.

उपाय म्हणून कंपनीने आपलंच अ‍ॅप सुचवलं. दरमहा भाड्याने आवाज. स्त्री एक, स्त्री दोन, पुरुष एक, पुरुष दोन. भावोजींनी पुरुष दोन निवडला, कारण पुरुष एक फारच लाडिक होता. त्या संध्याकाळी त्यांनी आईला फोन लावला आणि पुरुष दोन स्वच्छ, थंड आवाजात म्हणाला, "आई, मी भोंगा बोलतोय." आई म्हणाली, "मला काही घ्यायचं नाही," आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला. तिने आश्रमातल्या बाईंना बोलावून सांगितलं, कोणीतरी भामटा माझ्या मुलाचं नाव घेतोय. ताईने लावला तर आईचा एकच हेका, "भोंग्याला दे." तो बाहेर गेलाय, घसा बसलाय, झोपलाय, सगळ्या थापा वापरून झाल्या. पंधरवड्याने आश्रमातून निरोप आला, त्या जेवत नाहीत, येऊन जा.

खरं सांगून टाकायचं असं ठरवून आम्ही गेलो. ताईला तेवढा धीर नव्हता, म्हणून मी आणि भावोजी. आश्रमाची लिफ्ट नवी होती, गेल्याच आठवड्यात बसवलेली म्हणे. दार मिटलं आणि वरून पुरुष दोन म्हणाला, "तिसरा मजला. कृपया सावकाश उतरा." भावोजींनी आधी छताकडे बघितलं, मग हातातल्या फोनकडे. मला हसू आलं, आणि ते त्यांना दिसलं.

आई खाटेवर ताठ बसली होती. मी पाया पडलो आणि सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, अ‍ॅप, दुकान. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी गळा कापला म्हणतोस. मग गेल्या महिन्यापर्यंत माझ्याशी रोज कोण बोलत होतं, तुझा बाप? मी आंधळी आहे रे, खुळी नाही."

"आई, ते मशीन होतं. भोंगा हा इथे समोर बसलाय."

भावोजी पुढे सरकले. तिने हात त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवला. दुखण्यात ते निम्मे झाले होते, गालांची हाडं वर आलेली, ज्या मिशीवर तिचा जीव होता ती नव्हती. बोटं खाली गेली, गळ्यावरचं फडकं लागलं, फडक्याखालचं भोक लागलं. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "हा कोण आणलायस?" ती म्हणाली. "माझा मुलगा भरल्या अंगाचा आहे."

मग मी एक मूर्खपणा केला. माझ्या फोनमध्ये एका जुन्या लिलावाचं चित्रीकरण होतं, ऑपरेशनच्या आधीचं. आवाज ऐकला की तिला ओळख पटेल असं वाटलं. मी ते लावलं. खोलीत भोंगा गरजला, "सागवानी कपाट, तीन दारांचं, कोण बोलतंय?"

आईचा चेहरा असा फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"भोंग्या! कुठे होतास रे इतके दिवस?"

"बोला, बोला, लाजू नका," भोंगा म्हणाला.

"जेवलास का?"

"आरसा आतल्या बाजूला आहे, तडा नाही."

"अरे, मी काय विचारतेय?"

"एक वार," भोंगा म्हणाला. ती गप्प झाली. "दोन वार." तिचा नवरा लिलाववाला, मुलगा लिलाववाला. तिला पुढचं पाठ होतं. "तीन वार." हातोडा पडला, माणसांचा गलका झाला, आणि मी घाईघाईने ते बंद केलं.

तिने पदर हातात घेतला. मग म्हणाली, "हे जुनं आहे. मेलेल्या माणसाचा आवाज असा ठेवतात ना हल्ली? आश्रमातल्या एकीकडे आहे तिच्या नवऱ्याचा." आणि पदराने डोळे पुसत विचारलं, "कधी गेला?"

"आई, तो गेला नाही. शपथ घेतो. तो रडतोय इथे तुमच्यासमोर."

रडत होते, पण त्यांच्या रडण्याला आता आवाज नव्हता. ज्याच्या रडण्याने गल्ली जागी व्हायची, तो हातभर अंतरावर हुंदके देत होता आणि आईला ते कळत नव्हतं. तिला भूल पडली नव्हती. आम्ही दोन वर्षं तिला पटवलं होतं की मुलगा म्हणजे तो आवाज, आणि आवाज तर गेला होता. परक्याच्या दुःखाची कीव यावी तशी तिला कीव आली. तिने चाचपत त्यांचा हात शोधला आणि त्यावर थोपटलं.

"तुम्ही त्याच्या ओळखीतले का?"

भावोजींनी मान हलवली. आंधळ्या बाईसमोर. मग फोन उचलून ते टाइप करायला लागले. मी खांद्यावरून बघत होतो. आधी लिहिलं, आई मीच. ते खोडलं. मग लहानपणचं काहीतरी लिहायला घेतलं, तेही खोडलं. शेवटी बटण दाबलं.

"हो," पुरुष दोन म्हणाला. "ओळखीतला आहे."

आईने कान टवकारले, आणि त्या रडवेल्या चेहऱ्यावर ओळख उमटली.

"अय्या, तुम्ही होय," ती म्हणाली. "लिफ्टमधले ना? रोज ऐकते मी तुम्हाला. बसा, बसा."