नानांचा फ्रीजमधला डबा

पाणीपुरवठ्याच्या बातम्या लिहीत आयुष्य गेलं. बातम्या रद्दीत गेल्या, किस्से मात्र साठत राहिले. बहुतेक नानांचेच. नाना म्हणजे अमळनेर रस्त्यावरच्या आमच्या गावाचे पाण्याचे इंजिनिअर. हल्ली नळाला हवा आली तरी त्यांची आठवण येते.

*

आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. पंप बंद-चालू होतो आणि दर वेळी पाईपाला हिसका बसतो. तार वाकवून वाकवून तुटते, तशी लोखंडाला केसाएवढी भेग पडते. वेल्डिंग केलं, की शेजारी दुसरी हजर! भेग पुढे सरकू नये म्हणून नाना तिच्या टोकांना बारीक भोकं पाडून ती भोकं बुजवायचे. मग काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवून पाईपाभोवती आवळून गुंडाळायचे आणि वाट अडवलेल्या भेगेलाच विचारायचे, ‘‘आते कथी जाशी?’’

*

धुळ्याहून साहेब आले. ‘‘लोखंडाला कापड? ही काय मलमपट्टी आहे?’’

नानांनी पंप चालू करायला लावला. साहेब चार पावलं मागे! नाना त्याच पट्टीला टेकून बसले आणि कळण्याच्या भाकरीचं फडकं सोडलं. ‘‘या साहेब, जेवाले!’’

*

मे महिन्यात रेझिन कालवलं आणि सगळे चहाला गेले. परत येतात तो उन्हानं बादलीतच दगड! ब्रश मधोमध उभा. नानांनी त्याला नमस्कार केला.

*

तेव्हापासून रेझिनचा डबा नानांच्या घरच्या फ्रीजमध्ये, श्रीखंडाशेजारी. नानांच्या पत्नी अक्का कडाडल्या, ‘‘या घरमा एकतं हाऊ डबा ऱ्हाई, नहीतं मी!’’

नाना शांतपणे म्हणाले, ‘‘तू फ्रीजमा मावाव नही.’’

*

हिवाळ्यात नाना गेले. उन्हाळ्यात पंपाजवळ पाईपाला पुन्हा भेग. नानांच्या जागी आलेले नवे साहेब म्हणाले, ‘‘नव्या लाईनचा प्रस्ताव पाठवलाय.’’

‘‘तोवर लोकांनी प्रस्ताव प्यायचा का?’’ मी ओरडलो. बातमीही छापली. साहेब ढिम्म!

कापड होतं, रेझिन नव्हतं. नानांचा फिटर भिका आणि मी अक्कांकडे गेलो. डबा अजून तिथंच होता, श्रीखंडाशेजारी. अक्कांनी तो पदरानं पुसला. आमच्या हातात देताना त्यांचा हात जरा रेंगाळला.

‘‘शेवटला शे. जपीसन वापरा.’’

भिकानं पट्टी बांधली. ती वाळल्यावर पंप सुरू केला. थेंबही गळला नाही! गावात पाणी आलं.

रिकामा डबा टाकून द्यायचा धीर होईना, म्हणून अक्कांना परत नेऊन दिला. त्यांनी फ्रीज उघडला, श्रीखंड थोडं सरकवलं आणि डबा होता तिथं ठेवला.