चिंचेनं घासलेली नाणी

देवाची भांडी चिंचेनं घासतानाचा आंबूस वास आला की दवाखान्यातली ती दुपार आठवते. निवृत्तीनंतर वडील बँकेतून चिल्लरच्या पिशव्या आणत आणि खिडकीशी बसून भिंगातून प्रत्येक नाण्यावरची टांकसाळीची खूण तपासत. चार वर्षांत दुर्मीळ अशी तीनच नाणी सापडली. सांगलीचा एक संग्राहक ती घेणार होता. त्या पैशांत आईच्या मोडलेल्या पाटल्या पुन्हा करायच्या, असं त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. तेवढ्यात ते आजारी पडले. आईनं ती नाणी रुमालात बांधून त्यांच्या खाटेपाशी आणली. "बघा तरी, चिंच न् राख लावून घासल्यात. लई काळी पडलीवती!" वडिलांनी एक नाणं सवयीनं कडेला धरून उजेडात फिरवलं. घासलेल्या नाण्याला संग्राहक किंमत देत नाही, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. "झ्याक निघाल्यात की," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. घरी आल्यावर त्यांनी पुन्हा चिल्लर आणली नाही. आता ते नाहीत. नाणी देव्हाऱ्यात आहेत. "ह्यांना लई आवडायची," म्हणत आई दर सणाला ती घासते, आणि मी नुसतं पाणी ओततो.