खंडेनवमीचं तेल

घरात हत्ती शिरला तर रघुजी मान्याला दिसायचा नाही, पण त्या हत्तीच्या कानावरची माशी नक्की दिसेल, असं त्याची बायको विमला म्हणायची. ते खोटंही नव्हतं. बेंगळुरूत डोक्यावरून मेट्रो धावू लागली, बसवनगुडीतली ओळखीची बैठी घरं जाऊन तिथं चार-चार मजले चढले, पण रघुजीचं लक्ष कायम कुंडीतल्या मुंगीच्या मिशीवर. लोक निवृत्तीनंतर तीर्थयात्रेला जातात, हा गच्चीवर पालथा पडून कढीपत्त्यावरची अळी बघत बसायचा.

ही खोड त्याला नोकरीने लावली होती. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात ड्रिल आणि कटर बनायचे. तिथं तपासणी विभागात त्याने उभा जन्म काढला. हत्याराच्या धारेला गेलेली केसाएवढी चीर शोधायची आणि तिचा फोटो काढायचा, हे काम. त्यासाठी एक जुनी जपानी मॅक्रो लेन्स होती, म्हणजे वस्तूला जवळजवळ नाक लावून फोटो घेणारी. सगळा कारभार हाताचा. फोटो स्पष्ट करायला एक रिंग फिरवायची, आतलं भोक लहानमोठं करायला दुसरी. पुढे कारखान्यात संगणकाला जोडलेला सूक्ष्मदर्शक आला आणि लेन्स भंगारात निघाली. रघुजीने ती मागून घेतली. निवृत्तीला शाल-श्रीफळावर न थांबता हा भंगार कशाला मागतोय, हे मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी आणल्यावर त्याने तिची जी बडदास्त ठेवली, ती विमलाच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या वाट्याला कधी आली नाही. बेंगळुरूच्या हवेचं जग कौतुक करतं, पण लेन्सवाल्याला ती वैरीणच. पावसाळी दमटपणात काचेला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे आत पसरतात, आणि एकदा धरली की काच खाऊनच जाते. म्हणून लेन्स स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांच्या शेजारी. आणि महिन्यातून एकदा गच्चीवर नेऊन तिला ऊन दाखवायचं. हे शेवटचं बघून त्याची आई गोजराबाई खूश व्हायची. तूरडाळ, गोधड्या, पापड आणि लेकाची लेन्स, सगळ्यांना एकच औषध, असं ती शेजारणींना सांगायची.

ही गोष्ट ती सगळं सांगू शकायची तेव्हाची.

मग आईचं ध्यान ओसरत गेलं. आधी शेजारणींची नावं गेली. मग विमला ‘ती बाई’ झाली. आणि एका सकाळी रघुजीने कॉफीचा पेला पुढे केला, तेव्हा ती अंग चोरून म्हणाली, ‘ठेवा तिथं, घेते मी.’ जन्मभर ‘अरे’ आणि ‘मेल्या’ ऐकलेल्या माणसाला आईच्या तोंडचं ‘ठेवा’ ऐकून काय झालं असेल? शिवी परवडली असती. एकदा त्याने हट्टाने सांगितलं, आई, मीच रघू. ती त्याच्या पांढऱ्या डोक्याकडे, जाड चष्म्याकडे बघत राहिली आणि रडायला लागली. म्हातारा माणूस आपल्या लेकाचं नाव घेऊन फसवतोय, असं तिला वाटलं. तिचा रघू काळ्याभोर केसांचा, कंपनीत गेलेला, संध्याकाळी येणारा. त्यानंतर रघुजीने तो हट्ट सोडला. घरातल्या घरात तो पाहुणा होऊन राहिला.

आणि मग मोहरीचा प्रकार घडला. त्याने मोहरीच्या एकाच दाण्याचा फोटो काढून पानभर मोठा छापून आणला होता. घरी येणारा प्रत्येक जण त्यावर डोकं खाजवायचा. कुणी म्हणे ग्रह, कुणी म्हणे नदीतला गोटा. कागद खुर्चीवर पडला होता. गोजराबाईने तो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, ‘मोहरी. जुनी आहे. तडतडायची नाही, परत द्या दुकानात.’

जिला घरातली माणसं ओळखू येत नव्हती, लग्नाच्या अल्बममधली तोंडं जिला बसमधल्या परक्या उतारूंसारखी होती, तिने जगाने न ओळखलेली मोहरी ओळखली. जन्मभर जे बोटांच्या चिमटीत धरलं, ते तिच्यापासून कुणी हिरावून नेलं नव्हतं. मग रोज एक फोटो सुरू झाला. जिरं, आगकाडीचं टोक, मोगऱ्याच्या कळीचं देठ. फोटो हातात आला की ती बोलायची, आणि बोलता बोलता कधी वस्तूवरून माणसावर यायची. जिऱ्यावरून एकदा ती रघूच्या पोटदुखीवर आली. दारात उभा असलेला रघुजी श्वास रोखून ऐकत होता. परक्या माणसाला आपल्या लेकाचं कौतुक सांगावं, तसं ती त्याला सांगत होती.

तेव्हापासून त्याने डोक्यात एकच घेतलं. लहानपणी तो दगडी रगड्यावर पडला होता आणि डावी भुवई फाटली होती. तिथं अजून खूण होती, केस न उगवलेली एक तिरकी वाट. ती जखम आईने स्वतः हळद भरून दाबून धरली होती, आणि ती गोष्ट ती येईल त्या पाहुण्याला सांगायची. विमलाला बघायला गेले तेव्हासुद्धा सांगितली होती. आपला चेहरा तिला फसवा वाटतो, पण नुसती ती खूण, आजूबाजूला म्हातारा चेहराच नाही अशी, मोहरीसारखी पानभर मोठी दिली तर? जे हात मोहरी ओळखतात, ते ही खूण ओळखणार नाहीत? एकदाच तिने ‘रघू’ म्हणावं, आणि ते त्याच्याकडे बघून म्हणावं, बाकी त्याचं काही मागणं नव्हतं.

पण काम सोपं नव्हतं. भुवई डोळ्याच्या खोबणीवरून वळते. इतक्या जवळून फोटो घेताना लेन्सचं भोक पुरेसं लहान केलं नाही, तर एक-दोन केस स्पष्ट येतात आणि बाकी सगळं धुकं. भोक लहानमोठं करणारी आतली पातळ पाती ठीक होती. अडत होती ती फोकसची रिंग. आतलं जुनं ग्रीस वाळून गोंद झालं होतं. कॅमेरा स्टँडवर लावून रघुजी त्याच्यासमोर भुवई धरून बसे आणि विमला बटण दाबे. पण रिंग फिरवायला जोर लावला की अख्खा स्टँड हले आणि नेम चुके. आईच्या खुर्चीशेजारीच हा उद्योग चाले, उजेड तिथं चांगला म्हणून. रघुजी सारखा करवादायचा, की हे कडं फिरतच नाही, जीव खाल्ला या कड्याने. दसरा होऊ दे, म्हणजे गुरुराजकडे देऊन ग्रीस बदलून घेतो, असं तो विमलाला रोज सांगायचा. गुरुराज हा बाजारातल्या गल्लीतला जुन्या कॅमेऱ्यांचा कारागीर. शहाण्याने आजचं काम दसऱ्यावर ढकलू नये.

खंडेनवमी आली. मान्यांच्या घरी कधीकाळी तलवारी होत्या म्हणे, आता विळी, कात्री, मिक्सर, शिलाई मशीन आणि स्कूटर. पाटावर सगळं मांडलं, त्यात दरवर्षीप्रमाणे लेन्सही, झाकण लावून. रघुजीचे वडीलही पीण्यालाच लेथवर होते, त्यामुळे या दिवशी गोजराबाईचा रुबाब वेगळाच असायचा. यंत्राला आधी तेल, मग कुंकू, मग फूल. सगळं विसरली तरी हा क्रम ती विसरली नव्हती. विमला नैवेद्याच्या गडबडीत होती, रघुजी खाली स्कूटरसमोर कोहळा फोडत होता. तो वर आला तेव्हा पाटावर सगळ्यांना कुंकू लागलं होतं, लेन्सवर शेवंतीचं फूल होतं, आणि आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

त्याने सहज लेन्स उचलली, रिंगला हात लावला, आणि ती लोण्यासारखी फिरली.

बिचारा हरखून गेला. देवाला नमस्कार घातला, विमलाला हाक मारली, बघ, नवमीचा प्रसाद मिळाला म्हणाला. विमलाने लेन्सकडे न बघता पाटाकडे बघितलं. शिलाई मशीनच्या तेलाची लांब चोचीची कुपी तिथं आडवी पडली होती, अर्धी रिकामी.

रघुजीने कुपी उचलून उजेडात धरली. लेन्सच्या आत तेल म्हणजे दुधात मिठाचा खडा. ते जिथं घालतो तिथं राहत नाही, सरकत सरकत आतल्या पात्यांवर जातं, आणि कांद्याच्या पापुद्र्याएवढी ती पाती एकमेकांना चिकटून बसतात. त्याने आईला विचारलं, हे का केलं. शब्द बाहेर पडले तेव्हा आवाज चढलेलाच होता. तिने डोळे उघडले. तेल कसलं, हे तिच्या गावीही नव्हतं. आवाजाला घाबरून तिने पदर तोंडाशी नेला, आणि रघुजीला स्वतःची लाज वाटली. रागवायचं तरी कुणावर? जिच्यावर रागवायचं ती तिथं नव्हतीच.

गुरुराज सणाला दुकान बंद करून आनेकलला गेला होता, फोन उचलत नव्हता. तेवढ्या दिवसांत रघुजीने लेन्स डब्यात ठेवून गप्प बसायला हवं होतं. पण हात स्वस्थ बसेनात. त्याने तेच केलं जे या घरात प्रत्येक संकटावर करतात. लेन्स गच्चीवर नेली आणि तिला ऊन दाखवलं. तेल वाळेल, असा त्याचा हिशेब. वाळणार कसलं, उन्हाने ते पातळ झालं आणि चार दिवसांनी पोचलं असतं ते दुपारपर्यंत पात्यांवर पोचलं. संध्याकाळी त्याने भोकाची रिंग फिरवली. ती अडली. त्याने थोडासा जोर लावला. आत कुठंतरी बारीक ‘कट्’ झालं. सगळ्या आयुष्यात ज्याने दुसऱ्यांच्या हत्यारांतल्या चिरा शोधल्या, त्याने स्वतःच्या हाताने एक पातं मोडलं होतं.

गुरुराज परतल्यावर त्याने लेन्स उघडली. त्याचेही हात इथं बांधलेले होते. एक पातं वाकून खुंटीवरून निसटलं होतं, आणि तसलं दुसरं आता कुठून आणायचं? अशी अख्खी लेन्स कुठं मिळाली तर बघतो म्हणाला, पण सांगता येत नाही. शेवटी त्याने सगळीच पाती काढून टाकली. तेल पुसलं, रिंगला नवं ग्रीस भरलं.

‘भोक आता कायमचं सताड उघडं, अण्णा,’ तो म्हणाला. ‘फोटो येईल. पण स्वल्पच स्पष्ट येईल, बाकी सगळं धुकं. तेल घातलं कुणी?’

‘घरच्याच माणसाने,’ रघुजी म्हणाला.

दुसरी लेन्स शोधायला वेळ असता तर गोष्ट वेगळी. पण दिवाळीनंतर आईचं बोलणंच आटत चाललं. जेवताना घास तोंडात राहायचा. जिऱ्याचा फोटो दिला तर ती तो उलटा धरायची. बसवनगुडीत कडलेकाईची जत्रा भरली, रस्ताभर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागले, विमलाने भाजलेल्या शेंगा तिच्या ओंजळीत दिल्या, तर तिने त्या नुसत्या धरून ठेवल्या. रघुजीला कळून चुकलं, की आता थांबण्यात अर्थ नाही. आहे त्या लेन्सने, येईल तसा फोटो काढायचा.

विमलाने बटण दाबलं. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. रिंग आता सुरेख फिरत होती, काही कामाची नव्हती इतकंच. त्यातल्या त्यात बरा फोटो त्याने छापून आणला. पानभर करडं धुकं, आणि मधोमध त्या तिरक्या वाटेचा एवढासा तुकडा आणि दोन-चार पांढरे केस. हे आपल्याला दाखवलं असतं तर आपणही ओळखलं नसतं, असं त्याला वाटलं. तरी त्याने तो आईच्या मांडीवर ठेवला आणि समोर उकिडवा बसला. विमला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

गोजराबाईने कागद डोळ्यांजवळ नेला. किती तरी वेळ बघितला. मग त्या तुकड्यावरून अंगठा फिरवला, जपून, दुखू नये असा.

‘कुणाचं तरी पोर पडलंय,’ ती म्हणाली. ‘त्याच्या आईला कळवलं का?’

रघुजीने चष्मा काढला, भुवई पुढे केली, पण ती कागदाकडेच बघत होती.

‘कळवतोय,’ तो म्हणाला.

‘सरी, बरं केलंत.’ तिला बरं वाटलं. कागद बाजूला ठेवून ती त्याच्याकडे झुकली आणि घरातलं गुपित सांगावं तसं हलक्या आवाजात बोलू लागली. पुष्कळ दिवसांत ती इतकं बोलली नव्हती. ‘तुम्ही भले दिसता म्हणून सांगते. आमच्या रघूचं ते कॅमेऱ्याचं कडं फिरत नव्हतं. रोज करवादायचा, जीव खाल्ला म्हणायचा. मी तेल घातलं त्यात. त्याला ठाऊक नाही. तो आला की सांगा, आता फिरेल म्हणावं.’

दारातल्या विमलाने पदर तोंडात धरला. इतके महिने तिच्या कानावर रघुजीचं बोलणं पडत होतं, आणि ते कुठंतरी जमा होत होतं. सगळ्या जगातून तिने एवढंच राखून ठेवलं होतं, की आपल्या लेकाचं कडं अडलंय.

‘सांगतो,’ तो म्हणाला. ‘फिरतंय ते आता. छान फिरतंय.’

‘तुम्हीच सांगा. मी विसरते स्वल्प.’ तिने पदराच्या गाठीत राखलेल्या जत्रेतल्या शेंगा त्याच्या हातात दिल्या आणि शेजारची खुर्ची दाखवली. ‘बसा ना. कंपनी सुटली असेल, येईलच तो.’

रघुजी उठून खुर्चीत बसला. तिने दाराकडे तोंड केलं, म्हणून त्यानेही केलं, आणि दोघं रघूची वाट बघत बसले.