नाना निघाले की केर नाही

महिना होईल आता. सकाळी फोन आला तो नेरूळच्या टॉवरच्या सेक्रेटरींचा. तिथल्या गेटवर माझे वडील, नाना, सिक्युरिटी सुपरवायझर होते. "मॅडम, तुमचे पप्पा खुर्चीतच गेले... डॉक्टर बघून गेलेत. जरा लवकर या, स्कूल बसचा टाइम होतोय." त्यांना वाईट वाटलं नसेल असं मी म्हणत नाही. पण बसचं जास्त वाटलं.

नाना फौजेतले हवालदार. बोनकोड्याच्या घरी ते वर्षातून एकदा रजेवर यायचे आणि आम्हाला वडील मिळायचे तेवढेच. काळी ट्रंक उचलून ते उंबऱ्याबाहेर पडले की आई झाडू दाराआड ठेवायची. माणूस प्रवासाला निघाला की लगेच केर काढायचा नाही, हे सगळ्याच घरांत पाळतात, पण घटकाभर. आई नानांचा "पोचलो" असा निरोप येईपर्यंत पाळायची. ते काश्मीरला असले की आठवडा आठवडा घर धुळीत. आजी करवादायची, आम्हा भावंडांच्या तळव्यांना कचकच लागायची, पण आई बधायची नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला की धावत जायची आणि परत येऊन रडत रडत सगळं घर झाडायची.

निवृत्त होऊन आले तेव्हा नाना उंबऱ्यातच म्हणाले, "आता कुठं जात नाय." महिना झाला नाही तोच टॉवरची नोकरी धरली. घरात करमत नाही म्हणे! आई म्हणाली, "लष्कर सुटलं, लष्कराच्या भाकऱ्या काय सुटल्या नाय." प्रजासत्ताक दिनाला टॉवरवाल्यांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं, पदकांसकट फोटो काढले. संध्याकाळी गेट उघडायला उशीर झाला म्हणून त्यातल्याच एकाने "ए वॉचमन" करून झापलं. नाना हे हसत सांगत होते. मला त्या माणसाचा राग आला आणि खरं सांगायचं तर नानांचा जास्त. देशाला दिलं ते दिलं. उरलेलं आमचं होतं. तेही त्यांनी परक्यांच्या गेटवर घालवलं.

नानांना शेवटचं घरून नेलं. मागे बायका घर झाडायला, धुवायला उठल्या. काकूने झाडू हातात घेतला तशी आई ताडकन उठली.

"ठेव तो. त्यांचा फोन कुठं आलाय अजून?"

काकूने झाडू ठेवला.

टॉवरच्या गेटवर दुसऱ्याच दिवशी नवा माणूस बसला. सोसायटीच्या ग्रुपवर 'अमर रहे' येऊन गेलं, त्याखाली पाण्याच्या टँकरची चौकशी.

आता मी आईकडून निघून बेलापूरला पोचले की फोन करते. "बरं," आई म्हणते आणि माझ्यापुरता केर काढते. उंबऱ्याजवळ, नानांच्या बुटांच्या जागी मात्र हात लावत नाही. काल मला ते बघवेना. किती दिवस त्या माणसाची वाट बघायची, म्हणून चिडून मीच झाडू घेतला आणि वाकले. आई स्वयंपाकघरातून नुसती बघत होती. मोबाइल तिच्या हातात होता.

मी झाडू दाराआड ठेवून दिला.